न ढकलणारी तार

सोमवारी दुपारी नेहमीचा मुलगा आला आणि हेल्मेट न काढताच टेबलावर पाकिटं टाकून म्हणाला, "काका, दोन क्राउन, एक कवळी, एक रिपेअर." रिपेअरचं पाकीट मी शेवटी उघडतो. दुसऱ्याचं काम दुरुस्त करायचं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात फोडणी करण्यासारखं असतं, मोहरीचा डबा सापडेपर्यंत तेल जळून जातं. पण या पाकिटाला पाणी सुटलं होतं, म्हणून ते आधी उघडलं. स्लिपवर लिहिलं होतं : 'अप्पर हॉलेज, उजवा अ‍ॅडम्स तुटला, गुरुवार.'

आत ओल्या गॉझमध्ये गुंडाळलेलं आल्जिनेटचं माप आणि मापातच रुतून आलेली प्लेट. प्लेट तोंडात असताना माप घेतलं की ती मापाबरोबर निघून येते. मग त्यात स्टोन, म्हणजे आमचं कडक प्लास्टर, ओतला की दात आणि प्लेट तोंडात जशी एकमेकांना धरून होती तशीच आमच्या टेबलावर उतरतात. आल्जिनेट समुद्री शेवाळातून काढतात आणि त्याला पाणी सोडायची भारी घाई असते, उघडं राहिलं की आकसलंच. म्हणून आल्या आल्या स्टोन घोटला, व्हायब्रेटरवर एका कडेने हळूहळू सोडला, पाऊण तासाने मॉडेल सुटं केलं. प्लेट हलक्या हाताने काढली, ब्रशने धुतली, ट्यूबलाइटखाली धरली. तासाभराने लक्षात आलं की दोन्ही क्राउन तसेच पडलेत.

ही प्लेट मी केलेली नाही. कोणी केली ते कळायला मार्गही नाही. डेंटल लॅबच्या कामावर सही नसते. ते डॉक्टरांच्या नावाने जातं, पेशंटच्या तोंडात राहतं आणि करणाऱ्याच्या हातून सुटलं की सुटलं. शाळेत कवितेचं रसग्रहण लिहायचो तेव्हा पहिलं वाक्य पाठ असायचं, प्रस्तुत कविता अमुक कवींची आहे. त्यावर अर्धा मार्क तरी मिळून जायचा. इथे ती सोय नाही.

ज्यांच्या घरात कोणाच्या दातांना तारा लागलेल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दीड-दोन वर्षं तारा लावून दात ओळीत आणले की घरचे म्हणतात, संपलं एकदाचं. दातांना तसं वाटत नसतं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. बारीक तंतूंच्या झोळीत तो टांगलेला असतो. तो सरकला की तंतूही ताणले जातात आणि नव्या जागेशी त्यांची घडी बसायला वेळ लागतो. मुळाभोवतीचे तंतू तीन-चार महिन्यांत सावरतात, हिरडीतले चार-सहा महिन्यांत, आणि हाडाच्या वरच्या कडेला जे रबरासारखे तंतू असतात ते वर्षभर जुन्या जागेची ओढ धरून बसतात. तेवढा काळ दातांना धरून ठेवायला जे द्यायचं ते रिटेनर. काढता-घालता येणारं, टाळूला चिकटून बसणारं आणि समोरच्या दातांवरून एक तार गेलेलं असेल तर ती हॉलेज प्लेट.

चार्ल्स हॉले हे अमेरिकेतले, वॉशिंग्टनचे. १९१९ साली त्यांनी ही प्लेट छापून मांडली. त्यांच्याबद्दल असं सांगतात की, काम पूर्ण झालेले माझे पेशंट कोणी पुढे सांभाळायला घेणार असेल तर मी त्याला आनंदाने निम्मी फी देईन, असं ते म्हणत. शंभर वर्षं झाली. सांभाळायचं ते काम प्लेटकडे आलं आणि प्लेट करायचं आमच्याकडे. निम्म्या फीचं अजून कोणी बोललेलं नाही.

आता बो. समोरच्या पटाशीच्या दातांवरून एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत जाणारी ही तार, ०.७ मिलिमीटर जाडीचं स्टेनलेस स्टील. बघणाऱ्याला ती एक साधी कमान दिसते. पण चार दात कमानीवर मणी ओवल्यासारखे कधीच नसतात. मधले दोन जरा पुढे, बाजूचे दोन किंचित मागे, प्रत्येकाचा फुगवटा निराळा. कच्चा हात या प्रत्येक दातामागे तार वळवत जातो आणि शेवटी बो गोधडीच्या टाक्यासारखा दिसतो. या माणसाने तसं काही केलेलं नाही. एकच सलग वळण घेतलंय, दातांच्या बरोबर मध्यावरून, आणि ज्या दाताला ते जिथे भेटतं तिथे ते टेकतं. टेकतं, दाबत नाही. मी प्लेट मॉडेलवर बसवली, काढली, पुन्हा बसवली. बो दाबत असता तर स्टोनच्या दातांवर चमकदार ओरखडा उठला असता. भिंग लावून पाहिलं, पांढऱ्या दातांवर रेघ नाही.

याच्यात काय विशेष, असं कोणी विचारेल. आमच्या कामातल्या बहुतेक तारा ढकलण्यासाठी असतात. फिंगर स्प्रिंग ढकलते, झेड स्प्रिंग ढकलते, स्क्रू उघडला की अख्खा जबडा रुंद करायला बघतो. वाकवलेल्या स्टीलच्या अंगातच परत उसळायची खोड असते. अशा तारेला दातापर्यंत आणायचं आणि तिथे तिला हात जोडून उभं करायचं, हे दाबण्यापेक्षा अवघड आहे. केसभर जास्त वळली तर रिटेनर दात सांभाळायच्या ऐवजी हलवायला लागतो. केसभर कमी पडली तर नुसताच दागिना. मला ज्यांनी हे काम शिकवलं ते वेटोळ्यातून वीतभर तार कापून हातात देत आणि म्हणत, "सरळ कर." वेटोळ्यातली तार जन्मापासून वाकडी असते. ती अंगठ्याने चोळून चोळून टेबलावर ठेवली की कुठेही उजेडाची फट दिसायला नको. माझा पहिला महिना त्यात गेला. नंतर गोल, चौकोन, त्रिकोण. मला तेव्हा वाटायचं हे काका पगार वाचवतायत.

दोन्ही सुळ्यांपाशी बो वर जातो आणि इंग्रजी यू उलटा ठेवावा तसा लूप करून खाली येतो. उद्या तार ढिली पडली तर डॉक्टर पक्कडीने हा लूप जरासा आवळतात. म्हणजे लूप ही पुढच्या दुरुस्तीसाठी ठेवलेली शिलाई, शर्टाच्या बाहीत शिंपी जादा कापड दुमडून ठेवतो तशी. या प्लेटमध्ये दोन लूप सारखे नव्हते. डावा सरळसरळ उंच, दीडेक मिलिमीटरने तरी. इथे मी मनात मार्क कापले. इतका सुंदर बो काढणारा लूपला आल्यावर घाईला आला, गिऱ्हाईक दारात उभं असेल, असं ठरवूनही टाकलं. मग प्लेट मॉडेलवर होती तशी समोरून पाहिली. डावा सुळा उंचावर होता. दात ओळीत आला होता, पण त्याची हिरडी उजव्यापेक्षा वर राहिली होती. उशिरा आणि जागा नसताना वरच्या वर उगवलेल्या सुळ्यांचं असं पुष्कळदा होतं. लूपचं डोकं हिरडीच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर वर हवं आणि हिरडीला टोचायलाही नको, असा नियम. काठ उंच म्हणून लूप उंच. त्याने डाव्याचा मेळ उजव्याशी घातला नाही, डाव्या हिरडीशी घातला. कापलेले मार्क परत दिले आणि वर एक जादा.

मी स्वतः हे केलं असतं का? खरं सांगायचं तर नसतं. मला जोडी जमवायची सवय आहे. लूप सारखे दिसले की डॉक्टर खूश होतात, पेटी उघडल्या उघडल्या नजरेत भरतं.

प्लेटला धरून ठेवणारे दोन अ‍ॅडम्स, पहिल्या दाढांवर. फिलिप अ‍ॅडम्स हे ब्रिटनमधले, बेलफास्टला शिकवायचे. १९५०च्या सुमारास त्यांनी हा क्लॅस्प मांडला. त्याआधी व्हिएन्नाच्या श्वार्त्स यांचा बाणासारखा क्लॅस्प होता, पण त्याला वेगळी पक्कड लागायची आणि तो जागाही फार खायचा. अ‍ॅडम्सनी साध्या पक्कडीने होईल असं केलं. दाढेच्या गालाकडच्या बाजूला, हिरडीजवळ, दोन कोपऱ्यांत दात थोडा आत वळलेला असतो. त्या दोन खाचांत दोन बाण जाऊन बसतात आणि दोघांना जोडणारा सरळ ब्रिज दातापासून सुटा उभा राहतो. प्लेट काढायची ती या ब्रिजला नख लावून. बो ओढून काढायची नसते, हे डॉक्टर सांगतात आणि मुलं ऐकत नाहीत.

डावा अ‍ॅडम्स शाबूत होता. त्याचा ब्रिज दातापासून दोनेक मिलिमीटर दूर, दाताला ४५ अंशांच्या कलाने, आणि पट्टीने आखल्यासारखा सरळ. त्याहून मोलाचं म्हणजे तारेवर पक्कडीची एक खूण नाही. स्टेनलेस स्टील वाकवताना कडक होत जातं. एकदा वाकवून 'चुकलं' म्हणून परत सरळ केलं आणि पुन्हा वाकवलं की तिथे ते उद्या तुटणार हे नक्की. पक्कड घसरून खाच पडली तरी तेच. म्हणजे या माणसाने प्रत्येक वळण एकदाच घेतलं होतं. आठ-दहा वळणं, एकही खाडाखोड नाही. तशी तार नुसती बघूनही हाताला समाधान होतं.

मग उजवा का तुटला? मागच्या बाणाच्या मुळाशी तुटला होता. भिंगाखाली खाच दिसली नाही. पण डाव्या ब्रिजची पॉलिश जशीच्या तशी होती आणि उजव्याचा मधला भाग घासून मंद झालेला. मुलगा असो की मुलगी, प्लेट रोज एकाच बाजूने काढत होती, उजव्या अंगठ्याच्या नखाने, आणि बसवताना बहुधा दातांनीच चावून. रोज दोनदा, काही वर्षं. यात लिहिणाऱ्याचा दोष नाही, वाचणाऱ्याने एकच पान हजार वेळा उघडलंय.

अ‍ॅक्रिलिक पारदर्शक होतं. हल्ली पोरं चकाकीवालं निळं, गुलाबी, आत स्टिकर घातलेलं मागतात. करतो, पैसेही जास्त मिळतात. पण पारदर्शक प्लेट करणाऱ्याला लपायला जागा ठेवत नाही. अ‍ॅक्रिलिक तारेला चिकटत नाही, नुसतं तिच्याभोवती घट्ट होतं. म्हणून प्लेटच्या पोटात जाणारं तारेचं टोक कुठेतरी मोडून अडकवावं लागतं, नाहीतर तार सुरीसारखी म्यानातून बाहेर येते. ही टोकं म्हणजे टॅग. कोणी ते नुसते काटकोनात मोडतं, कोणी नागमोडी करतं. गुलाबी अ‍ॅक्रिलिकच्या आत काय केलंय ते देवाला ठाऊक. या प्लेटमध्ये बोचे दोन आणि क्लॅस्पचे चार, सहाच्या सहा टॅग टाळूच्या उतारासारखे उतरलेले, टाळूपासून कागदाच्या जाडीइतके सुटे, म्हणजे खालूनही अ‍ॅक्रिलिक वाहत जावं, आणि प्रत्येकाच्या शेवटी एक बारीक गोल कडी. मोत्याच्या नथीच्या फाशाएवढी. मोडून भागलं असतं. कडी करायला प्रत्येक टोकामागे अर्धं मिनिट जास्त जातं. सही नसते असं वर म्हणालो खरं, पण ही कडी पुन्हा कुठे दिसली तर मी ओळखीन.

जाडीही बघण्यासारखी. पावडर आणि लिक्विड मॉडेलवर चिमटी-चिमटी, थेंब-थेंब टाकत प्लेट भरतात. पावडर, लिक्विड, पावडर, लिक्विड, आणि मधे मॉडेल हातात फिरवत राहायचं, नाहीतर सगळं टाळूच्या खळग्यात जाऊन साचतं. इथे सगळीकडे दोनेक मिलिमीटर, फक्त समोरच्या दातांमागे त्याने ती हलकी केली होती. हे कशासाठी, ते मराठी बोलणाऱ्याला कळायला हरकत नाही. आपला 'त' आणि 'थ' दातांवर होतो, 'चमचा'तला 'च' दातांच्या मागच्या उंचवट्यावर, आणि 'ट', 'ण', 'ळ' यांच्यासाठी जीभ टाळूवर मागे वळते. नेमक्या त्याच रस्त्यावर आम्ही प्लास्टिक आणून ठेवतो. पहिला आठवडाभर मुलं बोबडी बोलतात, 'बाळ', 'फळा', 'चमचा' सगळं ओलं ओलं होतं आणि वर्गात नक्कल होते. समोरून अर्धा मिलिमीटर काढला तर तो आठवडा चार दिवसांवर येतो, असा माझा अनुभव आहे. पुस्तकात मी हे कुठे वाचलेलं नाही.

दोष नाहीत असं मात्र नाही. डाव्या मागच्या कोपऱ्यात अ‍ॅक्रिलिकच्या आत ढगाळ डाग आहे, सात-आठ बारीक बुडबुडे. तिथे लिक्विड कमी पडलं, किंवा भांड्यात हवेचा दाब नीट धरला नाही. कोमट पाण्यात दाबाखाली प्लेट दहा-पंधरा मिनिटं ठेवली की बुडबुडे मरतात. मी ज्या पहिल्या लॅबमध्ये होतो तिथे घरगुती कुकरच्या झाकणाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला होता आणि पंपाने हवा भरायचं काम माझ्याकडे होतं. मी कंटाळलो की प्लेटमध्ये ढग यायचे. तेव्हा या डागाकडे बघून मला हसू आलं. या उस्तादाकडेही कोणीतरी पंप मारणारा पोरगा असणार.

आणखी एक गोष्ट आहे, पण तिला दोष म्हणावं का याबद्दल माझंच एकमत होत नाही. उजव्या सुळ्यामागून तार जिथे आत वळते तिथे ती खालच्या दाताने घासून चपटी झाली आहे. तार दोन दातांच्या फटीत अजून थोडी खोल बसवता आली असती. पण फट तेवढी नसेल तर? मॉडेलमध्ये फट बंद दिसते. काही वर्षांपूर्वी ती किती होती हे मला कसं कळणार?

हल्ली निम्म्याहून जास्त डॉक्टर आमच्याकडून पातळ पारदर्शक साचे मागतात. १९९३ साली अमेरिकेत जॅक शेरिडन यांनी एसिक्स नावाने ते आणले. एक मिलिमीटरची शीट तापवून लोंबायला लागली की मॉडेलवर ओढून घ्यायची, कापायची, झालं. दिसत नाहीत, स्वस्त पडतात आणि दात व्यवस्थित धरतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती दातांची छापील प्रत असते. दात होते तसे उमटले, वाचायला काही उरलं नाही. शिवाय साचा चावायच्या बाजूवरही चढलेला असल्यामुळे वरखालच्या दातांना एकमेकांशी जुळवून घ्यायला वाव राहत नाही. हॉलेज चावायची बाजू उघडी ठेवते, दात उभ्यात हळूहळू आपले आपण बसतात. धरायचं तेवढंच धरायचं. मी लॅबवाला आहे, साच्यावर माझं पोट चालतं, तरी मनातून हॉलेजच्या बाजूचा आहे हे लपवत नाही.

मंगळवारी सकाळी कामाला बसलो. तुटक्या अ‍ॅडम्सचे टॅग बरने मोकळे केले, आजूबाजूचं अ‍ॅक्रिलिक खरवडलं. नवी तार घेतली. पहिला बाण वळवताना पक्कड किंचित घसरली आणि मी ती तार टाकून दिली. एरवी चालवून घेतली असती. दुसरी बरी झाली. शेवटी टोकांपाशी आलो आणि थांबलो. माझी पद्धत नागमोडी मोडायची. पण सहा कड्यांमधल्या दोन काढल्या होत्या, आणि चार शेजारी बसून बघत होत्या. मीही कड्या केल्या. पहिली अंडाकृती झाली, दुसरी बरी जमली. मेणाने तार जागेवर धरली, कडांना लिक्विड लावलं, चिमटीने पावडर, थेंबाने लिक्विड, मग पंधरा मिनिटं दाबात. घासून, ओल्या पमिसवर फिरवून पॉलिश केली, आतली बाजू तशीच ठेवली, तिला बफ लागला की बसणं जातं. उजेडात धरली तर जुनं अ‍ॅक्रिलिक चहाच्या पाण्यासारखं पिवळसर आणि माझं ठिगळ पांढरंशुभ्र. सांधा दिसतो. दिसू दे.

बुधवारी दुपारीच पाठवून दिली. गुरुवारी संध्याकाळी डॉक्टर मॅडमचा फोन आला, बिलाबद्दल. जाता जाता मी विचारलं, "प्लेट बसली ना?" त्या म्हणाल्या, "हो, बसली." मी म्हटलं, "ती आधी कोणाकडून केली होती?" त्यांना आठवेना. पेशंट दुसऱ्या गावाहून इकडे राहायला आलेली, एवढंच त्यांना माहीत होतं.

तुटलेला तुकडा मी टाकला नाही. आमच्याकडे जूनपासून एक मुलगी शिकायला येते, डेंटल मेकॅनिकचा कोर्स करतेय. तो तुकडा तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, असा कर. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काका, पण हा तर तुटलेला आहे." आतापर्यंत तिने चार तारा टाकल्या. पाचवी सरळ करत बसली आहे.